पुण्याच्या हिवाळ्यात फॉक्सग्लव्ह: नवख्या बागप्रेमींसाठी लागवडीची माहिती

फॉक्सग्लव्ह, म्हणजे उंच दांड्यावर घंटेसारखी फुले येणारे झाड, पुण्यात फुलते, मात्र त्यासाठी बी ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच पेरावे लागते. दिवाळीनंतर थंडी पडू लागली की आपल्याला हंगामी फुलांची आठवण होते, पिटुनिया, पॅन्सी आणि डॉग फ्लॉवरची रोपे आणून कुंड्या भरल्या जातात, आणि त्याच वेळी फॉक्सग्लव्हचे बी पेरले तर फुलोरा येण्याआधीच मार्चचे ऊन झाडाला गाठते. बी पेरल्यापासून फुले येईपर्यंत या झाडाला साधारण साडेचार ते पाच महिने लागतात आणि पुण्यात त्याला मानवेल असा काळ फेब्रुवारीअखेर संपतो. म्हणून पुढील सर्व पायऱ्या जानेवारी-फेब्रुवारीतील फुलांपासून मागे मोजत ठरवलेल्या आहेत.

ही मूळची पश्चिम युरोपातील वनस्पती आहे. तिचे शास्त्रीय नाव डिजिटॅलिस पर्प्युरिया. जंगलांच्या कडेला, विरळ सावलीत, किंचित आम्लधर्मी आणि ओलसर जमिनीत ती वाढते. तिथे ती द्विवर्षायू आहे. पहिल्या वर्षी जमिनीलगत लवदार पानांचा फक्त झुबका तयार होतो, मग कित्येक आठवड्यांची कडक थंडी मिळते आणि दुसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला फुलांचा दांडा वर येतो. भारतात काश्मीर, दार्जिलिंग आणि निलगिरीसारख्या थंड डोंगराळ भागांत तिची लागवड झालेली आहे. पुण्याचे हवामान तसे नाही. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान सरासरी ११-१२ अंशांपर्यंत उतरते आणि काही रात्री १० अंशांच्याही खाली जाते, पण जंगली जातीला दांडा काढण्यासाठी जितकी थंडी लागते तितकी ती होत नाही. शिवाय थंडी पुरली असती तरी मधला एप्रिल-मे महिना त्या झुबक्याला बहुधा सोसला नसता. त्यामुळे पुणेकराने फॉक्सग्लव्हकडे एका हिवाळ्याचे हंगामी झाड म्हणून पाहावे आणि पहिल्याच वर्षी फुलणारे वाण निवडावेत.

लावायचे की नाही, हे आधी ठरवा

फॉक्सग्लव्हचे पान, फूल, खोड, मूळ आणि बी, सगळेच विषारी असते. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी ग्लायकोसाइड द्रव्ये त्यात असतात आणि पान वाळले तरी ती नाहीशी होत नाहीत. इंग्लंडमधील डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये या वनस्पतीच्या औषधी उपयोगावर आपले निरीक्षण प्रसिद्ध केले, त्या वेळीही मात्रा जास्त झाल्यास काय होते याची नोंद त्यांनी बारकाईने केली होती. आजही हृदयविकारावर दिले जाणारे डिगॉक्सिन हे औषध याच कुळातील डिजिटॅलिस लॅनाटा या जातीपासून मिळते. त्याची उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फार थोडे असते, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे लागते. घरच्या झाडाच्या पानांचा काढा, लेप किंवा चूर्ण कोणत्याही कारणासाठी करू नये. अडुळसा, गुळवेल किंवा गवती चहा कुंडीतून तोडून वापरण्याची आपल्याकडे इतकी सवय आहे की हे स्पष्ट शब्दांत सांगणे मला आवश्यक वाटते.

घरात सगळे काही तोंडात घालण्याच्या वयाचे मूल असेल, पाने कुरतडणारे मांजर किंवा कुत्रा असेल, तर हे झाड एक-दोन वर्षे पुढे ढकलावे, असे माझे ठाम मत आहे. डॉग फ्लॉवरचे दांडेही सुंदर दिसतात आणि ती हौस तूर्त त्यावर भागवता येते. लावायचेच ठरले तर कुंडी तुळस, कढीपत्ता, पुदिना, पालक यांच्या रांगेत ठेवू नये. फुले येण्यापूर्वीचा फॉक्सग्लव्हचा झुबका एखाद्या पालेभाजीसारखा दिसतो आणि युरोपात तो दुसरी खाण्याजोगी वनस्पती समजून खाल्ल्याने विषबाधा झालेल्या आहेत. कुंडीवर ‘विषारी, पाने तोडू नयेत’ अशी ठळक चिठ्ठी लावावी. घरातील वडीलधाऱ्यांना, कामाला येणाऱ्या ताईंना आणि माळीकाकांना तोंडीही सांगून ठेवावे, कारण चिठ्ठी सगळेच वाचतात असे नाही.

ही फुले देवाच्या ताटात नैवेद्याजवळ ठेवू नयेत, जेवणाच्या टेबलावर फुलदाणीत लावू नयेत, आणि फुलदाणीतील पाणीही विषारी होत असल्याने ते लगेच मोरीत ओतून भांडे स्वच्छ धुवावे. झाडाला नुसता हात लागल्याने सहसा काही होत नाही, तरी छाटणी करताना हातमोजे घालावेत आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. कोणी चुकून पान किंवा फूल खाल्ले तर मळमळ, उलट्या, भोवळ, पिवळसर दिसणे, नाडी मंदावणे किंवा ठोके अनियमित होणे, अशी लक्षणे दिसू शकतात. लक्षणे दिसण्याची वाट न पाहता त्या व्यक्तीला ताबडतोब रुग्णालयात न्यावे आणि झाडाचा तुकडा एका पिशवीत घालून सोबत घ्यावा.

वाण आणि बी

पहिल्या वर्षी फुलणाऱ्या वाणांपैकी ‘फॉक्सी’ हे सर्वांत जुने आणि खात्रीचे नाव आहे. १९६७ मध्ये त्याला ऑल अमेरिका सिलेक्शन्स या नव्या वाणांची चाचणी घेणाऱ्या अमेरिकी संस्थेचा पुरस्कार मिळाला होता. त्याचे झाड अडीच ते तीन फूट उंच होते आणि रंग मिश्र येतात. ‘कॅमेलॉट’ आणि ‘डाल्मेशियन’ या त्यानंतरच्या संकरित मालिका आहेत. कॅमेलॉट तीन फुटांच्या आसपास जाते, तर डाल्मेशियन दीड ते दोन फुटांतच थांबते आणि फुलायलाही लवकर येते. गॅलरीतील कुंडीसाठी मी डाल्मेशियनच सुचवीन, कारण पुण्यातील उंच इमारतींवर वारा चांगलाच लागतो आणि उंच दांडे मोडतात. बंगल्याच्या आवारात, भिंतीच्या आडोशाला जागा असेल तर कॅमेलॉटला तोड नाही.

पाकिटावर वाणाचे नाव, संकरित आहे की नाही आणि वापरण्याची मुदत पाहून घ्यावी. नुसते ‘फॉक्सग्लव्ह मिश्र रंग’ असे लिहिलेले स्वस्त पाकीट टाळावे. त्यात द्विवर्षायू जात असेल तर मार्चपर्यंत पानेच पाहावी लागतील. तयार रोपे हवी असतील तर सोलापूर रस्त्याने उरुळीकांचनकडे जाताना लागणाऱ्या रोपवाटिकांमध्ये, किंवा एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनाच्या वेळी लागणाऱ्या विक्रीच्या दालनांत विचारून पाहावे. एवढ्याशा पिशवीत दांडा निघालेले रोप विकत घेऊ नये. त्याची मुळे आधीच कोंडलेली असतात आणि मोठ्या कुंडीत हलवले तरी दांडा खुरटाच राहतो.

पेरणी: नारळी पौर्णिमा ते गणेशचतुर्थी

पेरणीसाठी ऑगस्टचा मध्य ते सप्टेंबरचा पहिला आठवडा हा काळ योग्य ठरतो. या दिवसांत पुण्यात आभाळ बहुधा भरलेले असते, दुपारचे तापमान २८ अंशांच्या आसपास राहते आणि हवेत ओल असते. या बियांना १८ ते २२ अंश तापमान सर्वांत मानवते, त्यामुळे घरातील सर्वांत थंड, हवेशीर पण उजेडाची जागा शोधावी. पावसाचे थेंब ट्रेवर थेट पडता कामा नयेत. एका सरीत सगळे बी एका कोपऱ्यात वाहून जाते.

बी पाहिल्यावर नवखा माणूस थबकतो. पांढऱ्या कागदावर पाकीट उपडे केले तर तपकिरी रंगाची बारीक पूड पडल्यासारखी दिसते आणि भिंगाखाली धरल्यावरच प्रत्येक कण वेगळा, लांबट व खडबडीत असल्याचे कळते. एका ग्रॅममध्ये असे हजारो कण असतात, त्यामुळे अख्खे पाकीट एकाच वेळी पेरण्याची गरज नसते. काही कंपन्या संकरित बियांवर मातीचा थर चढवून गोळ्या करून देतात. त्या एकेक करून ठेवता येतात आणि पहिल्यांदा पेरणाऱ्याने शक्य असल्यास त्याच घ्याव्यात.

कोकोपीटची वीट पाण्यात भिजवून, एकदा ते पाणी काढून टाकून, पुन्हा स्वच्छ पाण्यात धुवून घ्यावी, कारण कोकोपीटमध्ये क्षार असतात आणि कोवळ्या मुळांना ते बाधतात. धुतलेल्या कोकोपीटच्या तीन भागांत चाळलेल्या गांडूळखताचा एक भाग मिसळून दोन-अडीच इंच खोलीचा ट्रे भरावा आणि लाकडी फळीने वरचा थर सपाट करावा. मग ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल वर येऊ द्यावी. बियांमध्ये चिमूटभर बारीक कोरडी वाळू मिसळून ती चिमटीने विरळ भुरभुरावी आणि फळीने हलकेच दाबावी. त्यावर माती टाकू नये. फॉक्सग्लव्हच्या बियांना रुजण्यासाठी उजेड लागतो; मेथी-कोथिंबिरीच्या सवयीने वर मातीचा थर दिला की बरेचसे बी रुजतच नाही.

ट्रेवर काच किंवा पारदर्शक प्लॅस्टिक ठेवावे आणि रोज सकाळी काही मिनिटे ते उघडून आतली वाफ जाऊ द्यावी. एक ते तीन आठवड्यांत हिरवे ठिपके दिसू लागतात. निम्मे बी रुजले की झाकण कायमचे काढावे. या टप्प्यावर सर्वांत मोठा धोका रोपे कोलमडण्याचा असतो: आदल्या दिवशी ताठ असलेली रोपे सकाळी बुडाशी बारीक होऊन आडवी पडलेली दिसतात. ही बुरशी दाट पेरणी, कोंदट हवा आणि सततची ओल यांमुळे पसरते. म्हणून पाणी नेहमी खालूनच द्यावे, वरचा थर किंचित सुकल्याशिवाय पुन्हा देऊ नये, आणि दाट झालेली रोपे कात्रीने कापून विरळ करावीत. उपटायला गेले की शेजारच्या रोपाचे मूळही सोबत येते. पावसाळ्यात गोगलगायी एका रात्रीत ट्रे फस्त करू शकतात, तेव्हा ट्रे टेबलावर ठेवून रात्री विजेरी घेऊन एकदा पाहणी करावी.

खरी पाने (बियातून पहिल्यांदा निघालेल्या दोन पानांनंतरची) चार झाली की प्रत्येक रोप स्वतंत्र तीन इंची पिशवीत किंवा प्रोट्रेच्या कप्प्यात हलवावे. आइस्क्रीमच्या चपट्या काडीने रोप मुळासकट उचलावे आणि धरताना पानाला धरावे, देठाला नाही. पान दुखावले तर दुसरे येते, देठ चेपला तर रोप जाते.

ऑक्टोबरचा उष्मा

पाऊस ओसरतो, आभाळ मोकळे होते आणि दुपारी ऊन एकदम बोचू लागते. या महिन्यात रोपे वाचली तर पुढचे काम सोपे आहे. सकाळचे दोन-तीन तास ऊन आणि त्यानंतर हिरव्या शेडनेटची सावली, ही व्यवस्था कोजागरीपर्यंत तरी ठेवावी. पिशवीतील माती लहान असल्याने लवकर तापते, म्हणून सगळ्या पिशव्या एका ट्रेमध्ये दाटीने ठेवून मधल्या जागेत ओले कोकोपीट भरले तर मुळे थंड राहतात.

जागा, माती आणि पुनर्लागवड

ऑक्टोबरअखेर ते दिवाळीच्या सुमारास, रोपाला सहा ते आठ पाने आल्यावर, त्याला कायमच्या जागी लावावे. पूर्वेची गॅलरी सर्वांत चांगली. दक्षिणेच्या गॅलरीत हिवाळ्यात सूर्य कललेला असल्याने ऊन दिवसभर आत शिरते. डिसेंबरात ते चालते, फेब्रुवारीत मात्र दुपारी जाळी लागते. पश्चिमेच्या गॅलरीत हे झाड लावू नये. आवारात आंबा, चिकू किंवा नारळाची विरळ सावली मिळत असेल तर त्या झाडांच्या मुळांपासून थोडे दूर, वाफ्यात लावावे.

पुण्याच्या बऱ्याच भागांत काळी माती आहे. ती पाणी धरून ठेवते, सुकली की भेगाळते आणि साधारणतः अल्कधर्मी असते. फॉक्सग्लव्हला यातले काहीच आवडत नाही. त्याला साडेपाच ते साडेसहा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) असलेली, सेंद्रिय द्रव्याने भरलेली आणि पाणी पटकन निचरणारी माती लागते. कुंडीसाठी दोन भाग पोयट्याची किंवा लाल माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत, एक भाग कोकोपीट आणि अर्धा भाग जाड वाळू, त्यात मूठभर निंबोळी पेंड, असे मिश्रण करावे. शेणखत पूर्ण कुजलेले आहे की नाही हे वासावरून आणि हातात घेतल्यावर ते गार लागते की नाही यावरून कळते. वाफ्यात काळी माती असेल तर वाफा जमिनीपासून सहा-आठ इंच उंच करून त्यात पालापाचोळ्याचे खत भरपूर मिसळावे.

एका झाडासाठी दहा ते बारा इंची कुंडी घ्यावी आणि तळाची छिद्रे मोकळी आहेत हे पाहून घ्यावे. वाफ्यात दोन झाडांमध्ये एक ते सव्वा फूट अंतर असावे. लावताना एका गोष्टीवर लक्ष ठेवावे: सगळी पाने ज्या बिंदूतून निघतात तो झाडाचा गाभा मातीच्या पातळीवरच राहिला पाहिजे. तो खाली गाडला गेला तर तिथे पाणी साचते आणि झाड मधूनच सडते. लागवड संध्याकाळी करावी, पाणी द्यावे आणि वर उसाच्या पाचटाचे किंवा सुक्या पानांचे पातळ आच्छादन घालावे, मात्र ते गाभ्यापासून दोन बोटे दूर ठेवावे.

पाणी आणि खत

बोट मातीत एक इंच घालून पाहावे. ओल लागली तर थांबावे, नाही लागली तर तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावे. हिवाळ्यात कुंडीला साधारण एक दिवसाआड आणि वाफ्याला आठवड्यातून दोनदा पाणी पुरते, तरी ठरलेल्या वारापेक्षा बोटावर विश्वास ठेवावा. पाणी सकाळी, बुडाशी द्यावे. लवदार पानांवर रात्रभर पाणी राहिले की डाग पडतात. ज्या सोसायट्यांमध्ये बोअरचे किंवा टँकरचे पाणी येते तिथे कुंडीच्या कडेवर पांढरा थर धरू लागतो. हे क्षार आहेत आणि पाने पिवळी पडण्याचे एक मुख्य कारण तेच असते. पिण्याच्या नळाचे किंवा पावसाळ्यात साठवलेले पाणी वापरावे, आणि ते शक्य नसेल तर महिन्यातून एकदा कुंडीतून भरपूर पाणी वाहू देऊन क्षार धुवून काढावेत.

खताच्या बाबतीत हात आखडता ठेवावा. तीन आठवड्यांतून एकदा मूठभर गांडूळखत पुरेसे आहे. युरिया अजिबात देऊ नये. पाने केळीसारखी फोफावतात, दांडा मऊ येतो आणि फुलांच्या वजनाने कोसळतो. झुबक्याच्या मध्यातून दांड्याचा टोकदार कोंब दिसू लागला की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद व पालाश समप्रमाणात असलेले) हे विद्राव्य खत एक लिटर पाण्यात एक ग्रॅम या प्रमाणात, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा द्यावे.

मावा कोवळ्या दांड्याच्या टोकाशी चिकटतो. सुरुवातीला पाण्याच्या बारीक धारेने तो धुवून निघतो. वाढला तर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे. फेब्रुवारीत हवा कोरडी झाली की लाल कोळी येतो. पानाची वरची बाजू फिकट, ठिपकेदार दिसू लागली तर खालची बाजू तपासावी आणि ती पाण्याने धुवावी. पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने पुसून काढावा.

दांडा आणि फुले

लवकर फुलणाऱ्या वाणात संक्रांतीच्या आगेमागे दांडा वर येऊ लागतो. तो वीतभर झाला की लगेच बाजूला बांबूची काठी रोवावी आणि सुतळीने आठाच्या आकड्यात सैल बांधावे. उशिरा काठी रोवली तर ती मुळांतून जाते.

फुले खालून वर उमलत जातात आणि बहुतेक वाणांत ती एकाच बाजूला लोंबतात. एखादी घंटा हातमोजा घातलेल्या बोटाने हलकेच वर उचलून आत पाहावे: तळाच्या ओठावर बारीक लव असते, आत गडद ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडा असते. छताला चिकटून चार पुंकेसर असतात आणि ते आधी पिकतात, स्त्रीकेसर नंतर. त्यामुळे एकाच दांड्यावर खालची जुनी फुले पराग घेण्याच्या अवस्थेत आणि वरची नवी फुले पराग देण्याच्या अवस्थेत असतात. त्याच्या मायदेशातील बंबलबी माशा खालून वर चढतात, म्हणून एका झाडाचे पराग घेऊन त्या दुसऱ्या झाडाच्या खालच्या फुलावर उतरतात. ही रचना आपल्या गॅलरीत रोज बघता येते, यासाठी एवढी खटपट करावी असे मला मनापासून वाटते.

मुख्य दांड्यावरची तीन-चतुर्थांश फुले गळली की तो तळाच्या पानांपर्यंत कापावा. झाडात जोर असेल आणि थंडी टिकली असेल तर बगलेतून दोन-तीन लहान दांडे येतात. संकरित वाणाचे बी धरून ठेवण्यात अर्थ नसतो, कारण पुढच्या पिढीत मूळ गुण तसेच उतरत नाहीत. शिवाय बोंडे फुटून बी इतर कुंड्यांत पडले तर पालेभाजीमध्ये विषारी रोप उगवण्याचा धोका राहतो. म्हणून बोंडे हिरवी असतानाच काढावीत.

होळीच्या सुमारास पाने मलूल होऊ लागतात. सावली आणि पाणी वाढवून झाड आणखी थोडे ओढता येते, पण नव्याने फुले येत नाहीत. तेव्हा ते मुळासकट उपटावे. उपटलेली झाडे झाकणाच्या कंपोस्ट पेटीत घालावीत. गाई, शेळ्या पोचतील अशा उघड्या ढिगावर किंवा रस्त्याकडेला टाकू नयेत, आणि सुकी पाने जाळू नयेत. कुंडीतील माती पसरून एप्रिलच्या उन्हात आठ-दहा दिवस तापवावी, राहिलेली मुळे वेचून काढावीत आणि पुढच्या हंगामात त्यात नवे शेणखत मिसळून फुलझाडांसाठीच वापरावी.